नोकरी गेल्यावर भत्ता कोणाला? अमेरिकेतील बेकारी विम्याच्या पात्रतेचा आढावा

अमेरिकेत नोकरी गेली की सरकार दर आठवड्याला पैसे देते, अशी ढोबळ समजूत आपल्याकडे आहे. प्रत्यक्षात पैसे देणारे सरकार एक नाही. पन्नास राज्ये, राजधानीचा कोलंबिया जिल्हा, पोर्तो रिको आणि व्हर्जिन बेटे अशा ५३ ठिकाणी ५३ वेगवेगळे कायदे आहेत आणि पात्र कोण, हे ज्याचा त्याचा कायदा ठरवतो. फ्लोरिडात हा भत्ता आठवड्याला जास्तीत जास्त २७५ डॉलर मिळतो आणि राज्यात बेकारी कमी असेल तेव्हा तो १२ आठवड्यांत संपतो. मॅसॅच्युसेट्समध्ये कमाल रक्कम १,००० डॉलरच्या वर आहे. बहुसंख्य राज्यांत मुदत २६ आठवड्यांची आहे. काम तेच, पगार तोच, कामावरून कमी होण्याचे कारणही तेच. राज्याची हद्द ओलांडली की निकाल बदलतो.

कोविडच्या आधी, २०१९ साली, देशातल्या बेकारांपैकी साधारण २८ टक्क्यांनाच राज्यांचा नियमित भत्ता मिळत होता. उरलेल्या सगळ्यांचे अर्ज फेटाळले गेले होते असे नाही. काही जण आयुष्यातली पहिलीच नोकरी शोधत होते, काहींनी स्वतःहून काम सोडले होते, काहींची मुदत संपली होती. पण श्रम सांख्यिकी विभागाच्या २०१८ सालच्या पाहणीत असे दिसले की, मागच्या वर्षभरात काम केलेल्या बेकारांपैकी सुमारे तीन चतुर्थांश लोकांनी अर्जच केला नव्हता. आणि न करण्याचे सर्वांत मोठे कारण होते, आपण पात्र नाही ही स्वतःचीच समजूत. पात्रतेचे नियम इतके गुंतागुंतीचे कसे झाले आणि त्यांवर आज कोणते वाद उभे आहेत, हे म्हणूनच क्रमाने पाहायला हवे.

विस्कॉन्सिनपासून सुरुवात

बेकारी विम्याचा पहिला अमेरिकन कायदा विस्कॉन्सिन राज्याने जानेवारी १९३२ मध्ये केला. त्यामागे विस्कॉन्सिन विद्यापीठातले अर्थतज्ज्ञ जॉन आर. कॉमन्स यांचा विचार होता. कारखान्यातल्या अपघाताची भरपाई मालकाच्या खिशातून जाऊ लागली, तेव्हा मालक यंत्रांच्या सुरक्षिततेकडे लक्ष देऊ लागले. त्याचप्रमाणे कामगाराला घरी बसवण्याची किंमत मालकाला मोजावी लागली, तर तो ऊठसूट माणसे कमी करणार नाही, असे त्यांचे म्हणणे. म्हणून विस्कॉन्सिनने प्रत्येक मालकाचे वेगळे खाते ठेवले. ओहायोत त्याच सुमारास पुढे आलेल्या योजनेत सगळ्या मालकांच्या वर्गणीचा एकच सामायिक निधी होता. आयझॅक रुबिनो, अब्राहम एपस्टाइन यांच्यासारख्या सामाजिक विम्याच्या पुरस्कर्त्यांना विस्कॉन्सिनचा मार्ग अपुरा वाटे. मंदी कोणा एका मालकाच्या हातात नसते आणि एकट्या कारखान्याचे खाते अशा वेळी बघता बघता रिकामे होते, हा त्यांचा मुद्दा.

महामंदीने हा वाद देशपातळीवर नेला. श्रममंत्री फ्रान्सिस पर्किन्स यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढे प्रश्न होता: योजना केंद्राची करायची की राज्यांची? थेट केंद्रीय योजना सर्वोच्च न्यायालयात टिकेल याची खात्री नव्हती. तेव्हा वेगळी वाट काढली गेली. केंद्राने मालकांवर वेतनकर बसवला. पण ज्या राज्यात मान्यताप्राप्त बेकारी विमा कायदा असेल, तिथल्या मालकांना त्या कराच्या ९० टक्क्यांपर्यंत सूट दिली. कायदा न करणाऱ्या राज्याला फायदा काहीच नव्हता, मालकांचा कर तेवढा वॉशिंग्टनला जाणार होता. १४ ऑगस्ट १९३५ रोजी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी सामाजिक सुरक्षा कायद्यावर सही केली आणि दोन वर्षांत सगळ्या राज्यांनी आपापले कायदे केले. १९३७ साली स्टुअर्ड मशीन कंपनीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ही रचना वैध ठरवली. पहिला भत्ता त्याआधीच, ऑगस्ट १९३६ मध्ये, विस्कॉन्सिनमध्ये दिला गेला होता: १५ डॉलरचा धनादेश.

शेतमजूर आणि घरकामगार या कायद्यातून सुरुवातीला वगळले गेले. दक्षिणेतल्या कृष्णवर्णीय कामगारांचा फार मोठा हिस्सा याच दोन कामांत होता. दक्षिणेकडच्या लोकप्रतिनिधींच्या दबावामुळे हे झाले, असे आयरा कॅट्झनेल्सन यांच्यासारखे अभ्यासक मांडतात. सामाजिक सुरक्षा प्रशासनाचे इतिहासकार लॅरी डेविट यांच्या मते विखुरलेल्या मालकांकडून कर गोळा करणे अशक्य वाटले, हे खरे कारण. हेतूबद्दलचा हा वाद मिटलेला नाही. परिणाम मात्र दोन्ही बाजूंना मान्य आहे आणि तो सुधारायला १९७६ सालची दुरुस्ती यावी लागली. तिनेही मोठ्या शेतांवरचे आणि ठरावीक रकमेच्या वर पगार देणाऱ्या घरांतलेच कामगार आत घेतले.

पहिली चाळणी: मिळकतीचा हिशेब

अर्ज आला की आधी पाहिले जाते ते अर्जदाराने अलीकडे पुरेसे कमावले होते का. गरज किती आहे, घरात खाणारी तोंडे किती, बँकेत शिल्लक काय, यांवर पात्रता ठरत नाही. ही मदत विम्याची आहे, म्हणून वर्गणीपुरते काम झालेले हवे, हे त्यामागचे तत्त्व.

अडचण येते हिशेबाच्या वर्षात. बहुतेक राज्ये अर्जाच्या आधीच्या पाच पूर्ण तिमाह्यांपैकी पहिल्या चार धरतात. समजा एखाद्याने फेब्रुवारी २०२५ मध्ये अर्ज केला, तर ऑक्टोबर २०२३ ते सप्टेंबर २०२४ एवढीच मिळकत मोजली जाते. तो ऑक्टोबर २०२४ मध्ये कामाला लागला असेल, तर त्याचे चार महिन्यांचे काम हिशेबात धरलेच जात नाही. पगाराच्या नोंदी कागदावर येत, त्या पोचायला महिने लागत, त्या काळात ही पद्धत समजण्यासारखी होती. आता अनेक राज्यांनी पर्यायी हिशेब आणला आहे: नेहमीच्या पद्धतीने पात्र न ठरणाऱ्याच्या शेवटच्या चार पूर्ण तिमाह्या पाहतात. २००९ सालच्या केंद्रीय कायद्याने अशा सुधारणांसाठी राज्यांना ७ अब्ज डॉलरचे प्रोत्साहन देऊ केले होते. काही राज्यांनी ते घेतले, काहींनी पुढचा खर्च अंगावर येईल म्हणून नाकारले.

उंबरठाही सगळीकडे सारखा नाही. कॅलिफोर्नियात सर्वाधिक मिळकतीच्या तिमाहीत १,३०० डॉलर कमावलेले चालतात. ते नसतील तर त्या तिमाहीत ९०० आणि सबंध वर्षात त्या तिमाहीच्या सव्वापट. वॉशिंग्टन राज्य डॉलर सोडून तास मोजते: वर्षभरात ६८० तास. वरकरणी हा तांत्रिक फरक, पण त्यात न्यायाचा मुद्दा आहे. डॉलरचा उंबरठा गाठायला कमी मजुरीच्या कामगाराला जास्त दिवस राबावे लागते. तासांच्या मोजणीत हॉटेलात भांडी घासणारा आणि सॉफ्टवेअर लिहिणारा एका रांगेत येतात. माझ्या मते वॉशिंग्टनची पद्धत अधिक न्याय्य आहे. पण ती राबवायला प्रत्येक मालकाकडून तासांची नोंद घ्यावी लागते, आणि बाकी बहुतेक राज्यांत ती यंत्रणाच नाही.

दुसरी चाळणी: नोकरी का गेली

खरे भांडण इथे आहे. काम संपले, कारखाना बंद पडला, कंपनीने माणसे कमी केली, तर प्रश्न नसतो. कामगाराला काढून टाकले असेल किंवा त्याने स्वतः सोडले असेल, तेव्हा कारण तपासले जाते.

काढून टाकण्याच्या बाबतीत अजूनही आधार घेतला जातो तो विस्कॉन्सिनच्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९४१ सालच्या बॉयंटन कॅब खटल्याचा. प्रकरण एका टॅक्सीचालकाचे होते. कायद्यात गैरवर्तन हा शब्द होता, पण व्याख्या नव्हती. न्यायालयाने रेघ आखली: मालकाच्या हिताकडे जाणूनबुजून केलेले दुर्लक्ष म्हणजे गैरवर्तन. काम नीट न जमणे, एखाद्या वेळचा निष्काळजीपणा किंवा प्रामाणिकपणे घेतलेला चुकीचा निर्णय त्यात बसत नाही. मालकाला काढण्याचा अधिकार आहे, पण त्याने काढले एवढ्यावरून भत्ता बुडत नाही. ही रेघ पुढे बहुतेक राज्यांनी आपलीशी केली. गेल्या काही दशकांत काही विधिमंडळांनी ती कामगाराच्या विरुद्ध बाजूला सरकवली. वारंवार उशीर, गैरहजेरीच्या नियमाचा भंग अशा गोष्टींची यादीच त्यांनी कायद्यात घातली. मालक संघटनांचे म्हणणे, यादीमुळे निकालात एकवाक्यता येते. कामगारांची बाजू मांडणारे वकील म्हणतात, मूल आजारी पडले म्हणून झालेला उशीर आणि बेफिकिरीने झालेला उशीर यांत यादी फरक करत नाही.

स्वतःहून सोडणाऱ्याला सबळ कारण दाखवावे लागते आणि सिद्ध करण्याची जबाबदारी त्याची असते. काही राज्ये मालकाशी संबंधित कारणच मानतात: पगार थकवला, कामाच्या अटी एकतर्फी बदलल्या, छळ केला. काही राज्ये वैयक्तिक कारणही धरतात: घरातली मारहाण, आजारी माणसाची शुश्रूषा, जोडीदाराची बदली. १९८७ साली मिसूरीच्या विंबर्ली खटल्यात हा फरक कसोटीला लागला. बाळंतपणाच्या रजेवरून परत आलेल्या महिलेला जागा रिकामी नाही म्हणून सांगितले गेले. राज्याने, तिने मालकाशी संबंध नसलेल्या कारणाने काम सोडले असे धरून भत्ता नाकारला. आणि केंद्रीय सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला. गरोदरपणाला वेगळे काढून वाईट वागणूक द्यायला बंदी आहे, विशेष सवलत देण्याची सक्ती नाही, असा केंद्रीय कायद्याचा अर्थ लावला गेला. कायद्याच्या चौकटीत हा तर्क चुकीचा म्हणता येत नाही. पण बाळंतपण आणि नोकरी सोडणे एकाच मापाने मोजणाऱ्या राज्याला तो निर्णय मोकळीक देतो, हे खटकल्याशिवाय राहत नाही.

धर्माच्या बाबतीत न्यायालय अधिक उदार राहिले. साउथ कॅरोलायनातल्या कापड गिरणीतली एक कामगार शनिवारी काम करायला धार्मिक कारणाने तयार नव्हती. १९६३ च्या शेर्बर्ट खटल्यात न्यायालयाने तिचा भत्ता रोखणे घटनाबाह्य ठरवले. १९९० साली मात्र ओरेगनच्या स्मिथ खटल्यात, धार्मिक विधीत पेयोटी हे मादक निवडुंग घेतल्यामुळे नोकरी गेलेल्यांना भत्ता नाकारणे वैध ठरले. अमेरिकेतल्या धर्मस्वातंत्र्याच्या कायद्याचा पुष्कळसा भाग बेकारी भत्त्याच्या अर्जांवरून घडला आहे.

अर्ज नाकारला गेला की अपील. मुदत थोडी असते: कॅलिफोर्नियात ३० दिवस, टेक्सासमध्ये १४. सुनावणी बहुधा फोनवर होते. ठरल्या वेळी अधिकाऱ्याचा फोन येतो, दोन्ही बाजूंना शपथ दिली जाते, ध्वनिमुद्रण सुरू होते. मालकाच्या बाजूने बऱ्याचदा मनुष्यबळ विभागाची व्यक्ती किंवा याच कामासाठी नेमलेल्या संस्थेचा सराईत प्रतिनिधी असतो; कामगार सहसा एकटा. ताकीदपत्रे, हजेरीचे तक्ते, वरिष्ठांचे संदेश आधीच पाठवलेले असावे लागतात. गैरवर्तन सिद्ध करणे मालकाचे काम असल्याने ज्याने ते डोळ्यांनी पाहिले तो पर्यवेक्षक सुनावणीला हजर आहे का, यावर निकाल फिरतो. आणि वरचे मंडळ सहसा नवा पुरावा घेत नाही. या एका फोनवर जे नोंदले गेले, त्यावरच पुढचे सगळे उभे राहते. १९७१ च्या जावा खटल्याने एक मोठा आधार दिला: एकदा भत्ता मंजूर झाला, की केवळ मालकाने अपील केले म्हणून तो थांबवता येत नाही.

तिसरी चाळणी: दर आठवड्याची

पात्र ठरल्यावरही दर आठवड्याला किंवा पंधरवड्याला प्रश्नांची तीच यादी भरावी लागते. काम करण्याइतकी प्रकृती होती का? काम मिळाले असते तर लगेच रुजू होता आले असते का? कोणते काम नाकारले का? काही कमावले का? कुठे कुठे अर्ज केले? एखादे उत्तर चुकले, की त्या आठवड्याचे पैसे अडकतात.

हा काच कितपत असावा, यावर मतभेद आहेत. प्रशासकांच्या मते शोधाची अट नसेल तर विमा आणि निवृत्तिवेतन यांत फरक राहणार नाही, आणि नियमित पाठपुरावा केल्यास लोकांना काम लवकर मिळते. टीकाकार म्हणतात, आठवड्याला ठरावीक अर्जांची संख्या गाठायला लावली की लोक मिळणार नाहीत अशा जागांनाही अर्ज करत सुटतात. योग्य काम कोणते, हाही प्रश्न अर्धवटच सुटलेला आहे. सुरुवातीला आपल्या कौशल्याला आणि पगाराला साजेसे काम शोधायची मुभा असते. आठवडे सरतात तशी अनेक राज्यांत ती कमी होते.

या चाळणीचे यंत्र बिघडले तर काय होते, हे मिशिगनने दाखवले. तिथे २०१३ साली मायडास नावाची संगणक प्रणाली आली. मालकाची माहिती आणि कामगाराची माहिती जुळली नाही, की ती माणसाला न विचारता फसवणुकीचा शिक्का मारी. मिळालेली रक्कम परत, तिच्या चौपट दंड, वर व्याज. पगारातून आणि कराच्या परताव्यातून वसुली सुरू झाली. पुष्कळांना नोटीस पोचलीही नव्हती. २०१३ ते २०१५ या काळात सुमारे ४०,००० लोकांवर खोटे आरोप झाले आणि यंत्राने आपोआप दिलेले निर्णय पुन्हा तपासले तेव्हा त्यांतले ९३ टक्के चुकीचे निघाले. या लोकांना राज्याकडे नुकसानभरपाई मागता येते, असे मिशिगनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितले आणि मग २ कोटी डॉलरची तडजोड झाली. दरम्यान कित्येकांनी दिवाळखोरी जाहीर केली होती.

पैसा कोणाचा

पात्रतेचे नियम कडक का होतात, हे निधीकडे पाहिल्याशिवाय कळत नाही. केंद्रीय कर वर्षाच्या पहिल्या ७,००० डॉलर पगारावर लागतो. ही मर्यादा १९८३ पासून बदललेली नाही. दर ६ टक्के, सूट ५.४ टक्के, मालकाला प्रत्यक्षात माणशी वर्षाला ४२ डॉलर पडतात. राज्याचा कर वेगळा. कॅलिफोर्निया तोही ७,००० डॉलरवरच आकारते, वॉशिंग्टन राज्य ७०,००० डॉलरहून अधिक पगारावर. महासाथीनंतर कॅलिफोर्निया केंद्राला सुमारे २० अब्ज डॉलर देणे लागत होते.

राज्याच्या कराचा दर मालकाच्या पूर्वेतिहासावर ठरतो: ज्याच्या कामगारांनी जास्त भत्ता घेतला, त्याला कर जास्त. हा विस्कॉन्सिनचा वारसा. मालकांच्या बाजूने यात तथ्य आहे की, स्थिर रोजगार देणाऱ्याला बक्षीस मिळते, आणि अर्थतज्ज्ञ मार्टिन फेल्डस्टाइन यांनी १९७० च्या दशकात दाखवले तसे, कर पुरेसा इतिहासाला बांधलेला नसेल तर कंपन्या तात्पुरती कपात सर्रास करतात. पण याच रचनेमुळे प्रत्येक दाव्याला विरोध करण्यात मालकाचा आर्थिक लाभ असतो. कामगार अपात्र ठरला की कर वाचतो.

निधी आटला तर राज्यापुढे कर वाढवणे किंवा भत्ता कापणे हे दोन मार्ग असतात. नॉर्थ कॅरोलायनावर २०१३ मध्ये केंद्राचे सुमारे अडीच अब्ज डॉलर कर्ज होते. त्या राज्याने कमाल भत्ता ५३५ डॉलरवरून ३५० वर आणला आणि मुदत २६ आठवड्यांवरून २० वर, पुढे बेकारी घटताच १२ वर नेली. कर्ज २०१५ मध्ये फिटले. कपातीनंतर बेकारीचा दर घटला, तेव्हा समर्थकांनी श्रेय कपातीला दिले. विरोधकांनी दाखवले की, पुष्कळ जण काम शोधणेच सोडून बेकारांच्या मोजणीतून बाहेर गेले. दोन्ही गटांनी त्याच राज्याचे आकडे वापरले आहेत, आणि त्या एका अनुभवावरून निर्णायक निष्कर्ष काढता येत नाही.

अर्थतज्ज्ञ काय सांगतात

भत्ता मिळाला तर लोक कामावर उशिरा परततात, हे जुने आणि बऱ्यापैकी सिद्ध निरीक्षण आहे. ब्रूस मेयर यांनी १९९० मध्ये दाखवले की, मुदत संपत आली की काम मिळण्याचे प्रमाण वाढते. याचा अर्थ काय, यावर वाद. राज चेट्टी यांनी २००८ मध्ये असे मांडले की, उशिराचा मोठा भाग आळसातून येत नाही. ज्यांच्याकडे शिल्लक नाही त्यांना भत्त्यामुळे नाइलाजाने मिळेल ते काम पत्करावे लागत नाही, म्हणून तो येतो. पीटर गॅनॉन्ग आणि पास्कल नोएल यांनी बँक खात्यांवरून पाहिले की, मुदत संपताच कुटुंबाचा खर्च सुमारे १२ टक्क्यांनी घसरतो, आणि त्यात किराणा आणि औषधेही येतात. हे अभ्यास एकमेकांना खोडत नाहीत. भत्त्याने शोध थोडा लांबतो आणि कुटुंब मोठ्या खड्ड्यातून वाचते, दोन्ही खरे. कशाला किती वजन द्यायचे, हा निर्णय राजकारणाचा.

महासाथीची परीक्षा

मार्च २०२० च्या अखेरीस एका आठवड्यात साठ लाखांच्या आसपास नवे अर्ज आले. त्याआधीचा उच्चांक १९८२ सालचा, सुमारे सात लाखांचा. न्यू जर्सीच्या गव्हर्नरांना कोबोल जाणणाऱ्या स्वयंसेवकांसाठी जाहीर आवाहन करावे लागले, कारण राज्याची यंत्रणा त्या जुन्या संगणकभाषेवर चालत होती. २७ मार्चच्या केंद्रीय कायद्याने आठवड्याला ६०० डॉलर जादा दिले, आणि स्वयंरोजगार करणारे, टॅक्सी ॲपचे चालक अशा आजवर बाहेर राहिलेल्यांना पहिल्यांदाच आत घेतले. ६०० हा सपाट आकडा निवडला गेला, कारण जुन्या यंत्रणांना प्रत्येकाच्या पगाराची टक्केवारी काढणे झेपले नसते.

परिणाम दोन टोकांचे. पात्र कामगारांपैकी सुमारे तीन चतुर्थांशांना पगारापेक्षा भत्ता जास्त झाला. तरी गॅनॉन्ग आणि सहकाऱ्यांना रोजगारावरचा परिणाम अपेक्षेपेक्षा बराच लहान दिसला. २०२१ च्या उन्हाळ्यात निम्म्या राज्यांनी जादा भत्ता मुदतीआधी बंद केला. त्यावरचे काही अभ्यास कामावर परतणाऱ्यांची वाढ थोडी सांगतात. हॅरी होल्झर, ग्लेन हबर्ड आणि मायकेल स्ट्रेन यांना ती ठळक दिसली. दुसरीकडे, केंद्राच्या लेखापरीक्षण कार्यालयाच्या अंदाजाने १०० ते १३५ अब्ज डॉलर फसवणुकीत गेले, त्यात चोरलेल्या ओळखींवर टोळ्यांनी उचललेला पैसा मोठा. त्यानंतर ओळख पडताळणी कडक झाली आणि खरे अर्जदारही तिच्यात अडकू लागले.

कायद्याच्या काठावरचे

महासाथीची योजना सप्टेंबर २०२१ मध्ये संपली आणि ॲपवर काम करणारे पुन्हा बाहेर पडले. ते कर्मचारी की स्वतंत्र कंत्राटदार, हा प्रश्न राज्याराज्यांत वेगळा सुटतो आहे. न्यूयॉर्कच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने मार्च २०२० मध्ये एका डिलिव्हरी ॲपच्या कुरियरला बेकारी विम्यापुरते कर्मचारी मानले. न्यू जर्सीने २०२२ मध्ये उबरकडून थकीत वर्गणीपोटी १० कोटी डॉलर वसूल केले. कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी उलट, २०२० च्या सार्वमतात चालकांना कंत्राटदार ठरवणारा प्रस्ताव मंजूर केला. कंपन्या चालकांच्या वेळेच्या स्वातंत्र्याचा दाखला देतात, संघटना म्हणतात, दर आणि शिस्त कंपनी ठरवते तेव्हा ते स्वातंत्र्य नावापुरते असते.

संपकऱ्यांचा प्रश्नही पुन्हा पुढे आला आहे. न्यूयॉर्क आणि न्यू जर्सी ठरावीक दिवसांनंतर संपकऱ्यांना भत्ता देतात. वॉशिंग्टन आणि ओरेगन यांनी २०२५ मध्ये तसे कायदे केले. कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरांनी २०२३ मध्ये तसेच विधेयक निधीच्या कर्जाचे कारण देऊन परत पाठवले.

व्हिसावरचे मराठी कुटुंब

हा प्रश्न आपल्याकडच्या असंख्य घरांशी थेट जोडलेला आहे. एच-१बी व्हिसाच्या मंजुऱ्यांत भारतीयांचा वाटा ७० टक्क्यांहून अधिक असतो. त्यांच्या पगारावरही मालक बेकारी विम्याचा कर भरतो आणि तो पगार मिळकतीच्या हिशेबात धरता येतो. अडते तिसऱ्या चाळणीत. नोकरी गेल्यावर देशात राहायला जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात आणि नवा मालक व्हिसाचा अर्ज दाखल करेपर्यंत कोणाकडेच काम करता येत नाही. लगेच कामावर रुजू होण्याची अट पुरी होत नाही, असे म्हणून बहुतेक राज्ये भत्ता नाकारतात. नवा अर्ज दाखल होताच काम सुरू करता येते, म्हणजे माणूस कामाला उपलब्धच आहे, असा प्रतिवाद वकील करतात. तो फारसा स्वीकारला गेलेला नाही. ज्याच्या नावाने वर्षानुवर्षे कर भरला गेला त्याला गरजेच्या वेळी दार बंद, ही रचना अन्यायाची आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

पण सगळ्यांना दार बंद नाही, आणि हे न कळल्यामुळे पुष्कळ लोक हक्काचे पैसे सोडून देतात. ग्रीन कार्ड असलेले, ग्रीन कार्डच्या शेवटच्या टप्प्यात कामाचा खुला परवाना मिळालेले आणि एच-१बीधारकांचे कामाचा परवाना असलेले एच-४ व्हिसावरचे जोडीदार कोणाकडेही काम करू शकतात. बाकीच्या अटी पुऱ्या केल्या तर त्यांना इतरांसारखाच भत्ता मिळतो. तो घेतल्याने पुढे ग्रीन कार्ड अडेल ही भीती खोटी आहे: सार्वजनिक मदतीवर विसंबणारा ठरवण्याच्या नियमात बेकारी विमा धरला जात नाही.

असा प्रसंग आलेल्या वाचकाने पाच गोष्टी कराव्यात. नोकरी गेली त्याच आठवड्यात अर्ज करा, कारण साधारणपणे हिशेब अर्जाच्या आठवड्यापासून सुरू होतो. अर्ज काम केलेल्या राज्यात करा: एडिसनला राहून मॅनहॅटनमध्ये नोकरी होती तर न्यूयॉर्ककडे, न्यू जर्सीकडे नाही. कंपनी राजीनामा लिहून मागत असेल, तर तो देण्याआधी वकिलाचा सल्ला घ्या; काढण्याऐवजी दिलेला राजीनामा अनेक राज्ये काढून टाकणेच मानतात, पण ते सिद्ध करण्याचे ओझे तुमच्यावर येते. अर्ज फेटाळला तर मुदतीत अपील करा आणि निकाल लागेपर्यंत दर आठवड्याची माहिती भरत राहा, नाहीतर जिंकूनही मधल्या आठवड्यांचे पैसे मिळत नाहीत. मधे भारतात येऊन गेलात तर ते आठवडे खरेखरे नोंदवा. त्यांचा भत्ता बहुतेक राज्यांत मिळत नाही, आणि लपवले तर मिळालेला सगळा परत द्यावा लागू शकतो.